आर्लीनचं नको-नको

लिंडालमध्ये कुणाकडे कॉफीला गेलात आणि घरातल्या बाईने केक पुढे केला, तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा कमी जोरात. तिसऱ्यांदा ती म्हणते, "अगं घे, उरलाय, नाहीतर फेकावाच लागेल," आणि मग आपण तिच्यावर उपकार करतोय अशा थाटात अर्धा तुकडा उचलायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात मूल जन्माला येतं तेच बहुधा पहिल्या दुधाला नको म्हणत येतं. आर्लीन टॉलेफ्सन तर या कलेतली उस्ताद. लाइलने लग्नाचं विचारलं तेव्हाही ती म्हणाली होती, "माझ्यासाठी कशाला एवढा त्रास घेतोस?" लाइल याच गावचा, त्यामुळे उत्तर होकाराच्या वाटेवर आहे हे त्याला कळलं. त्याने आणखी दोनदा विचारलं आणि दोघांचा संसार सुखाचा झाला.

अशा बाईच्या वाट्याला काम कोणतं यावं, तर मागण्याचं. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिने लुथरन चर्चच्या तळघरात मुलांसाठी एक वर्ग काढला. टर्की कापण्याच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करणाऱ्या आईबापांची मुलं शाळा सुटल्यावर तिथे यायची. काही सोमाली, काही मेक्सिकन, दोनचार गावातल्याच जुन्या ओल्सन आणि पीटरसन घरांतलीही. गृहपाठ, वाचन, एक सफरचंद, चीज लावलेला पाव, आणि सहाच्या सुमाराला कुणीतरी न्यायला येईपर्यंत ऊब. एवढंच होतं, आणि ते फार चांगलं चाललं होतं.

चांगलं चाललं होतं हीच अडचण होती. गावात पैसा होता तो हेगस्ट्रॉम कंपनीकडे. ही कंपनी खिडक्या बनवते, अर्ध्या गावाचं पोट तिच्यावर चालतं, आणि दर वर्षी ती नफ्यातला वाटा मुलामुलींच्या शिक्षणासाठी देते. देते तेही मनापासून, पण तत्त्वांना धरून. ही तत्त्वं एका गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकेत छापलेली असत. कंपनी नव्या, अभिनव, धाडसी उपक्रमांना साहाय्य करील. जे आधीपासून चालू आहे त्याला करणार नाही. भाडं, वीज, डागडुजी आणि पगार यांना तर छदामही नाही. म्हणजे दिवे नसलेल्या खोलीत, कुणी न शिकवता, मुलांनी काहीतरी अभिनव शिकावं अशी कंपनीची इच्छा होती. वर्ग एकदा नीट चालू लागला की त्याची पात्रता संपली.

आर्लीन तोंडाने कधी काही मागू शकली नाही, पण लिहिताना तिच्या अंगात वेगळंच काही संचारत असे. पहिल्या वर्षी जो 'गृहपाठ मदत वर्ग' होता, तो दुसऱ्या वर्षी 'वाचनसेतू' झाला. मग 'उद्याचे नेते', मग 'विज्ञानझेप', आणि एका वर्षी, कंपनीत कुणीतरी परदेशी जाऊन आल्यावर, 'जागतिक नागरिक घडवणूक'. मुलं तीच, टेबलं तीच, सफरचंदंही त्याच दुकानातली. रोबो शिकवण्याची लाट आली तेव्हा एक रोबो आला. मुलांनी आठवडाभर त्याला पळवला, मग तो खोली तापवणाऱ्या रेडिएटरखाली गेला, आणि मुलं पुन्हा पाढ्यांकडे वळली. वार्षिक अहवालात मात्र तो अजून प्रगती करत होता.

कंपनीची आणखी एक अट होती. तिच्या कर्मचाऱ्यांना सेवेची संधी मिळाली पाहिजे. त्यामुळे मे महिन्यात एके दिवशी हिरव्या टीशर्टातले चाळीस लोक ब्रश घेऊन यायचे. एवढ्यांना द्यायला काम कुठून आणायचं? आर्लीनने उत्तरेकडची भिंत त्यासाठी राखून ठेवली होती. एका वर्षी पिवळी, एका वर्षी निळी. रंगाचे इतके थर चढले होते की खोली एखाद्या बोटाने तरी अरुंद झाली असावी. आधीचा रंग चांगला असल्याचं बघून कुणी एकदा म्हणालं, "याला काय झालंय?" तेव्हा आर्लीन घाईघाईने म्हणाली, "आतून खराब आहे."

आणि पगार? पगार होता. कारण वर्गाचा जीव होती फर्हिया वार्समे. चौतिशीची, सोमाली, तीन मुलांची आई, नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा. ही बाई गणित शिकवायला बसली की टेबलाखाली भांडणारी मुलंही वर येऊन बसत. ती आर्लीनला एद्दो म्हणायची, म्हणजे आत्या. तिचा पगार हिशेबात 'लेखनसाहित्य' या सदरात दडलेला असे. कंपनीच्या देणगी विभागात तेव्हा व्हर्ना नावाची बाई होती, इथलीच, शाळेत आर्लीनच्याच वर्गात शिकलेली. ती कागद बघून म्हणे, "यंदा पेन्सिली फार लागल्या गं तुमच्याकडे."

"मुलं फार लिहितात," आर्लीन म्हणे.

व्हर्ना कॉफी प्यायची, केकला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची, आणि उठल्यावर खरं बोलणं दारात व्हायचं. लिंडालमध्ये महत्त्वाची गोष्ट खुर्चीत बसून कुणी बोलत नाही. कोट घालून, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून, अर्धा तास उभ्याने बोलतात. तिथे व्हर्ना तिसऱ्यांदा विचारायची, "काही कमी-जास्त लागेल का?" आणि आर्लीन पायपुसण्याकडे बघत म्हणायची, "आता तू एवढं म्हणतेसच तर."

मग व्हर्ना निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेली, आणि तिच्या जागी डॅरेल प्रुइट आला.

डॅरेल टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या बुटांचा आणि खरोखर मोठ्या मनाचा. आल्या आल्या त्याने सगळ्या संस्थांचे जुने अर्ज वाचून काढले, जे आजवर कुणीच केलं नव्हतं, आणि तो हैराण झाला. देणारे भलतीच तत्त्वं काढतात आणि घेणारे त्यात बसण्यासाठी सोंगं आणतात, हे त्याला दोन आठवड्यांत कळलं. त्याने वरच्यांशी भांडून एक गोष्ट मंजूर करून घेतली. गावातल्या एका संस्थेला, फक्त एका, तीन वर्षं शिक्षकाचा पूर्ण पगार द्यायचा, आरोग्य विम्यासकट. अर्ज नको, नवं नाव नको. आणि ती संस्था कोणती हे त्याने मनाशी ठरवलंही होतं.

इकडे फर्हियाने त्याच महिन्यात आर्लीनला सांगितलं होतं, "एद्दो, धाकटीचा दमा वाढलाय. पेन्सिलींच्या पगारावर विमा मिळत नाही. उन्हाळ्यापर्यंत पूर्ण वेळची नोकरी झाली तर मी इथेच राहीन. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." फर्हिया गेली तर तळघरात सफरचंदं आणि एक म्हातारी एवढंच उरणार होतं. आणि खरं सांगायचं तर तिला पोटची लेक नव्हती.

डॅरेल ऑक्टोबरातल्या एका दुपारी आला. आर्लीनने कॉफी ठेवली, लिंबाचा केक कापला. ती म्हणाली, "घ्या ना." तो म्हणाला, "वा," आणि घेतला. पहिल्यांदाच. आर्लीन जरा दचकली. दोन आग्रह तिच्या तोंडात तसेच राहिले.

"मॅडम, मी तुमचे सगळे अर्ज वाचलेत," तो म्हणाला. "रोबो मला दिसला रेडिएटरखाली. मी रागावलो नाहीये. तुम्हाला हे सगळं करायला आम्हीच भाग पाडलं. आता सरळ विचारतो. तुमच्या शिक्षिकेचा पगार, पूर्ण वेळ, विम्यासकट, तीन वर्षं. आम्ही देऊ शकतो. हवाय का तुम्हाला?"

इतक्या वर्षांत जे लपवून मिळवलं ते कुणीतरी उघड ताटात वाढत होतं. हो म्हणायचं होतं. सगळ्या जिवाने म्हणायचं होतं. आणि तोंड उघडलं तेव्हा तिची आई, आजी आणि सगळं लिंडाल त्या तोंडातून बोललं.

"छे हो, आमचं काय, चाललंय आपलं. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

डॅरेलने काटा खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले.

"इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हणालं नाही," तो म्हणाला. "सगळे हात पसरून येतात. तुमच्याबद्दल मला फार आदर वाटतो, मॅडम."

आर्लीन समजुतीने हसली. पहिली फेरी चांगली झाली होती. तिने त्याला आणखी कॉफी ओतली, दुसरी फेरी मनात जुळवून ठेवली. 'अगदीच तुम्ही म्हणत असाल तर बघू' असं काहीसं. पण डॅरेलने घड्याळ बघितलं, उठला, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि निघाला. दारात तरी थांबेल म्हणून आर्लीन त्याच्या मागोमाग गेली. तिने पायपुसण्यावर जागाही घेतली. तोवर मोटार सुरू झाली होती. टेक्सासची माणसं दारात उभी राहत नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"फोन करेल," ती रात्री लाइलला म्हणाली.

लाइल वर्तमानपत्रामागून म्हणाला, "करायलाच हवा. एकदाच विचारून सोडून द्यायला तो काय रानटी आहे?"

आठवडा गेला. फोन वाजला की आर्लीन धावायची आणि उचलण्याआधी दोन घंटा वाजू द्यायची, अधाशीपणा दिसू नये म्हणून. लाइल एकदा म्हणाला, "तूच कर की." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने गॅरेजमध्ये निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात बातमी आली. तो पगार तळ्यावरच्या युवा नौकाविहार मंडळाला मिळाला होता. तिथला मुख्य नुकताच बोस्टनहून आला होता. त्याला विचारल्यावर तो वाक्य पूर्ण होण्याआधीच हो म्हणाला. लिंडालचं तळं वर्षातले पाच महिने गोठलेलं असतं.

गोष्ट इथे थांबती तरी पुरे झालं असतं. पण डॅरेलला आर्लीन विसरवेना. ज्याला त्याला तो तिची गोष्ट सांगू लागला. कंपनीच्या वरच्या लोकांना ती फारच आवडली, कारण अशी गोष्ट आवडायला काही खर्च येत नाही. नव्या वर्षाची तत्त्वं लिहिली जात होती, त्यात एक कलम वाढलं. जी संस्था पगारासाठी कंपनीवर अवलंबून न राहता स्वतःच्या पायावर उभी आहे तिला प्राधान्य. आणि पगार यापुढे कुठल्याही सदराखाली धरला जाणार नाही. कचेरीत त्याला सगळे टॉलेफ्सन कलम म्हणू लागले. आर्लीनच्या एका नको-नकोने पेन्सिलींचाही रस्ता बंद झाला.

जानेवारीत कंपनीचं वार्षिक भोजन झालं. आर्लीनला खास बोलावणं होतं. तिने ठरवलं होतं की आज उभं राहून खरं सांगायचं. आरशासमोर तिने वाक्य म्हणून बघितलं, "मला तो पगार हवा होता." आरशात ते उद्धटच वाटलं, पण म्हणता आलं. सभागृहात डॅरेलने तिचं वर्णन केलं, लोक उभे राहिले, आणि तिच्या हातात खिडकीच्या आकाराचं काचेचं मानचिन्ह आलं. ध्वनिक्षेपकापुढे ती उभी राहिली. समोर पास्टर, डॉक्टर, जुन्या मैत्रिणी, सगळे तिच्याकडे अभिमानाने बघत होते. पहिल्या ओळीतली एक मैत्रीण तर डोळे टिपत होती. या सगळ्यांच्या तोंडावर मागायचं?

"जेवण छान होतं," आर्लीन म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या थांबेनात. एवढा विनय त्या सभागृहात कुणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तळघराच्या छोट्या स्वयंपाकघरात तिने फर्हियाला सगळं सांगितलं. फर्हिया वेलदोडा घातलेला चहा उकळत होती. तिने गॅस बंद केला.

"थांबा एद्दो. त्याने विचारलं, पगार हवा का. आणि तुम्ही नको म्हणालात?"

"पहिल्यांदाच तर विचारलं होतं गं त्याने."

"मग?"

"मग काय? पहिल्यांदा विचारल्यावर हो कोण म्हणतं?"

"मी म्हणते," फर्हिया म्हणाली. "तुम्ही मला इथे येतेस का विचारलंत, तेव्हा मी हो म्हणाले. तुमचा चेहरा आठवतोय मला. मी तुमच्या पर्समध्ये हात घातल्यासारखा झाला होता."

आर्लीनला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. ती म्हणाली, "माझं चुकलं. फार चुकलं माझं." फर्हियाने तिच्यापुढे चहा ठेवला आणि न विचारता त्यात दोन चमचे साखर घातली.

"रडू नका. मी जाते त्याच्याकडे. मागते."

"अशी कशी मागशील?"

"तोंडाने."

ती गेली, वेळ न ठरवता, बर्फात, धाकटीला कडेवर घेऊन. आर्लीन तळघरात मुलांचे पाढे घेत बसली आणि तिचे सगळे पाढे चुकले. फर्हिया आली तेव्हा अंधारून आलं होतं. मुलं गेली होती.

"ऐकून घेतलं त्याने सगळं," ती कोट न काढताच म्हणाली. "डोकं धरून बसला बिचारा. म्हणाला, 'त्या मला बोलल्या का नाहीत?' मी म्हटलं, बोलल्या, तुम्हाला या गावची भाषा येत नाही. पण पैसे गेलेत, तत्त्वं छापून झालीत. तीन वर्षं आता काही हलत नाही."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

फर्हियाने खाली बघितलं. तिला खाली बघताना आर्लीनने कधी पाहिलं नव्हतं.

"तो म्हणाला, या गावात सरळ बोलणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं. त्याच्या विभागात जागा आहे. संस्थांना भेटायचं, त्यांना खरंच काय हवं ते काढून घ्यायचं. पूर्ण वेळ. विमा पहिल्या दिवसापासून."

तळघरातला रेडिएटर ठणठण करत होता. आर्लीनने विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले, एद्दो."

"लगेच?"

"लगेच."

आर्लीनने मान हलवली. धाकटी फर्हियाच्या खांद्यावर झोपली होती आणि तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. आर्लीनने पोरीची टोपी नीट केली आणि दोघींना मोटारीपर्यंत सोडलं.

वर्ग बंद पडला नाही. कंपनीने स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. चांगली माणसं होती, हिशेब विभागातली, विक्रीतली. दर आठवड्याला निराळं माणूस येई, आणि मुलं दर आठवड्याला नव्याने आपापली नावं सांगत. अपूर्णांक कुणालाच शिकवता येत नव्हते. थोरल्या मुलांनी यायचं कमी केलं, मग त्यांचे भाऊही येईनात. उरलेली चिकटून होती, कारण बाहेर थंडी होती.

एप्रिलमध्ये कंपनीच्या वतीने पाहणीला फर्हिया आली. तिच्या कोटावर कंपनीचं चिन्ह होतं आणि तिने बूट दारातच काढले. आर्लीनने केक पुढे केला. फर्हियाने घेतला. मुलांनी तिला गराडा घातला, एकाने वही नाकासमोर धरली, आणि तिने उभ्या उभ्या त्याचं गणित सोडवून दिलं. मग मुलांना टेबलाकडे पिटाळून ती आर्लीनसमोर बसली.

"बोला. काय हवंय तुम्हाला?"

"काही नको गं. चाललंय आपलं."

"बरं. काय हवंय?"

"तुझ्याकडे अजून किती जण असतील. त्यांचं बघ आधी."

फर्हिया उठली. तिने कोट घातला, दारापर्यंत गेली, मुठीवर हात ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आता ती इथलीच झाली होती. तिने कितीही वेळ थांबायची तयारी दाखवत विचारलं, "एद्दो, तुम्हाला खरंच काय हवंय?"

आर्लीन तिच्याजवळ आली. या खेपेला तिने पायपुसण्याकडे बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून मागितलं.

"मला तू हवी आहेस."

फर्हियाचा हात मुठीवरून सुटला, मग तिने तो पुन्हा तिथेच ठेवला.

"ते सोडून," ती हळूच म्हणाली.

मग आर्लीनने बाकीचं सांगितलं. नवीन टेबलं, नकाशे, एक चांगला हीटर, सहलीसाठी बस, वाचायला पुस्तकं. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना, आणि फर्हिया एकेक लिहून घेत गेली. जूनमध्ये कंपनीचं उत्तर आलं. ते सगळंच्या सगळं मंजूर झालं होतं.